हाताला जड लागला पाहिजे

भोसरी एमआयडीसीत पत्र्याच्या शेड जितक्या, तितके शेठ. हे शेठ म्हणजे गादीवर लोडाला टेकून बसणारे नव्हेत. आयटीआय करून, कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात लेथवर उभं राहून, मग बँकेचं कर्ज काढून स्वतःची दोन मशीन टाकलेले, पन्नाशीतले, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी ठेवणारे शेठ. लग्नाच्या पंगतीतही ती पट्टी खिशात असते. जिलबीचा व्यास त्यांनी मोजल्याचं कोणी पाहिलेलं नाही, पण नजर त्या दिशेने जाते.

या माणसाच्या हाताला आणि डोळ्याला नाव ठेवायची सोय नाही. जॉब नुसता बोटात फिरवून ते म्हणतील, "वीस मायक्रॉन मोठा आहे." पोरगं मायक्रोमीटर लावेल आणि मायक्रोमीटर शेठची री ओढेल. इन्सर्ट घेताना ते ग्रेड बघतात, कोटिंग बघतात, डबीवरचा नंबर चष्मा वर करून वाचतात. स्पिंडलचं बेअरिंग डुप्लिकेट लागू नये म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतात, तेही बिलासकट. कूलंटमध्ये पाणी किती आणि तेल किती यावर त्यांचा स्वतःचा अभ्यास आहे आणि तो ते चहाच्या टपरीवर फुकट वाटतात.

असा हा माणूस कॉम्प्युटरच्या एसएमपीएसपाशी, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या पेटीपाशी, आला की भाजी मंडईत उभा राहिल्यासारखा वागतो.

शेडच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमचं पार्टिशन मारून एक केबिन केलेली असते. तिच्यात कुलदैवताचा फोटो, गेल्या वर्षीचं बँकेचं कॅलेंडर, रिजेक्ट झालेल्या जॉबचा पेपरवेट आणि कॉम्प्युटर. हा कॉम्प्युटर कधीकाळी मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला. मुलगा शिकून हिंजवडीला गेला, कॉम्प्युटर बढतीवर भोसरीला आला. आता त्याच्यावर पार्टीने पाठवलेली ड्रॉइंग उघडतात, प्रोग्राम तयार होतो, आरएस २३२ च्या केबलमधून तो व्हीएमसी या मिलिंग मशीनमध्ये जातो आणि महिनाअखेरीला त्याच्यावरच सूनबाई जीएसटी भरतात. म्हणजे बावीस लाखांचं मशीन या डब्याच्या तोंडाकडे बघत उभं असतं. डब्याच्या बाजूचं झाकण कधीच काढून टाकलेलं आहे, कारण "हवा लागली पाहिजे". ही हवा ग्राइंडरच्या बाजूने येते. तिच्यात लोखंडाची बारीक धूळ आणि कूलंटचा धुरकट ओलावा असतो, आणि ही धूळ विजेला वाट करून देते हे शेठना माहीत असतं. मोटर वाइंडिंगवर ते धुळीचा कण बसू देत नाहीत. पण कॉम्प्युटर हा त्यांच्या हिशेबात मशीन नसतोच, तो स्टेशनरीत मोडतो.

पूजा मात्र त्यालाही मशीनचीच. खंडेनवमीला लेथ, व्हीएमसी, कॉम्प्रेसर आणि वजनकाटा यांच्याबरोबर त्यालाही झेंडूची माळ पडते. हळदकुंकू आणि अक्षता कुठे वाहायच्या, तर मागच्या पंख्याच्या जाळीवर, कारण तिथे गोल आकार आहे आणि तो चक्रासारखा दिसतो. दसऱ्यानंतर चार-आठ दिवस एसएमपीएस कुरकुर करतो. तो अक्षता चावत असतो.

आणि मग एका दुपारी जेवणाची सुट्टी संपते, कॉम्प्रेसर सुरू होतो, ट्यूबलाइट मिचकावते आणि कॉम्प्युटर बंद पडतो. केबिनीत नवीन लागलेलं पोरगं म्हणतं, "मदरबोर्ड गेला असेल." शेठ त्याच्याकडे दयेने बघतात. "एसएमपीएस," ते म्हणतात, आणि निदान बहुधा बरोबर असतं. त्यापुढची तपासणी हा या प्रकारच्या माणसाचा आवडता प्रयोग. एसएमपीएसचा मोठा प्लग सोडवायचा, वायरीचा तुकडा यू आकारात वाकवायचा, हिरव्या वायरीचं भोक आणि काळ्या वायरीचं भोक जोडायचं. पंखा फिरतो. "बघा! चालू आहे!" सगळं शॉप जमतं. आता पंखा फिरला म्हणजे सप्लाय जिवंत आहे एवढंच कळतं. ओझं पडल्यावर तो उभा राहील का, हे कळत नाही. चकमध्ये जॉब न लावता स्पिंडल फिरवून "मशीन ओके" म्हणणाऱ्या पोराला शेठ कानफटात मारायला कमी करणार नाहीत. पण इथे ते पंख्याकडे कौतुकाने बघत उभे असतात. मग तो पुन्हा जोडतात, कॉम्प्युटर पुन्हा मरतो, आणि शेठ निर्णय जाहीर करतात: "गुरुवारी तपकीर गल्ली."

गुरुवार हा भोसरीचा सुट्टीचा वार. त्या दिवशी शेठ इस्त्रीचा शर्ट घालून पुण्यात उतरतात. बुधवार पेठेतल्या या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीच्या गर्दीत स्कूटरला जागा शोधण्यात अर्धा तास जातो आणि तिथेच त्यांची घासाघीस करायची भूक वाढते. दुकानदार गल्ल्यावरून मान वर न करता विचारतो, "बोला काका."

"एसएमपीएस. चांगल्यातला. स्वस्तातला."

"४५० वॅटचा घ्या. साडेपाचशे."

शेठ तो तळहातावर घेतात. वर-खाली करतात. "हाताला लागत नाही."

"मग हा घ्या, ५०० वॅटचा. सव्वासहाशे."

आता एका हातात ४५०, दुसऱ्यात ५००. शेठ डोळे मिटतात. गल्लीतला आवाज, हॉर्न, हमालांची हाळी, सगळं मागे पडतं. "हा," ते उजवा हात पुढे करतात. "याच्यात माल आहे."

"गॅरंटी एक वर्ष," दुकानदार म्हणतो. "फक्त जळालेला चालणार नाही."

न जळालेला एसएमपीएस परत कोण आणि कशाला आणेल, हा प्रश्न शेठना रात्री जेवताना सुचतो. त्या वेळी दुकान बंद झालेलं असतं.

वजनाचं शास्त्र अगदीच खोटं नाही, हे शेठच्या बाजूने सांगितलं पाहिजे. चांगल्या सप्लायमध्ये उष्णता शोषणारे ॲल्युमिनियमचे जाड पंख असतात, ट्रान्सफॉर्मर मोठा असतो, वीज आत येते तिथे गोंगाट गाळणाऱ्या गुंडाळ्या असतात, मोठे कपॅसिटर असतात. हे सगळं जड असतं. स्वस्त मालात यातलं जे जे बाहेरून दिसत नाही ते ते गाळलेलं असतं. गाळणीची गुंडाळी असायची तिथे बोर्डावर नुसती तार टाकून रस्ता जोडलेला असतो. तेव्हा हलका सप्लाय घेऊ नये, एवढं ठीक. गोची अशी, की हे शास्त्र बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आतल्या कोपऱ्यात लोखंडाचा, नाहीतर सिमेंटचा तुकडा बसवून दिलेले एसएमपीएस बाजारात सापडलेले आहेत. वायरीचा त्याच्याशी संबंध नाही, विजेचा नाही. तो तुकडा तिथे बसतो तो फक्त शेठच्या तळहातासाठी.

बाहेर छापलेल्या वॅटची कथाही तीच. बाजूच्या स्टिकरवर एक तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात १२ व्होल्टसमोर अँपिअर दिलेले असतात. आजचा प्रोसेसर काय आणि ग्राफिक्स कार्ड काय, मुख्य खुराक पिवळ्या वायरीतून घेतात, म्हणजे १२ व्होल्टमधून. शेठच्या त्या '५०० वॅट'वर १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर लिहिलेलं होतं. १२ गुणिले १४ म्हणजे १६८. बाकीचे तीनशे बत्तीस वॅट लाल आणि नारिंगी वायरींच्या नावावर लिहून टाकलेले, ज्यांना आता फारसं काम उरलेलं नाही. खऱ्याखुऱ्या ४५० वॅटच्या सप्लायवर त्याच रकान्यात पस्तीसच्या आसपास आकडा असतो. आणि हे स्टिकर खरं बोलतंय असं धरून.

तरी गाडी चालते. कारण भोसरीतल्या त्या कॉम्प्युटरला लागतात किती, तर काम करताना जेमतेम शंभर वॅट. १६८ त्याला पुरतात. म्हणूनच शेठची श्रद्धा ढळत नाही. दिवाळीच्या आधी घेतलेला एसएमपीएस होळीपर्यंत छान चालतो, सगळ्या एमआयडीसीला "सहाशेत काम केलं" असं त्यांचं सांगून होतं, आणि मग एप्रिल येतो. पत्र्याखाली पारा चाळिशी ओलांडतो. आतल्या कपॅसिटरांचं गणित निर्दय असतं: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. चांगले १०५ अंशांचे लावतात, स्वस्तात ८५ चे. त्यांचे माथे फुगतात, मग एके दिवशी फट् आवाज, जळका वास, आणि या वेळी मदरबोर्डही गेलेला. चांगला सप्लाय मरताना स्वतःपुरता मरतो. व्होल्टेज हाताबाहेर गेलं की आधी दार बंद करून घेतो. सहाशेचा सप्लाय मात्र सोबत घेऊन जातो.

या वेळी सूनबाईंनी तोंड उघडलं. वीस तारीख दोन दिवसांवर आली होती आणि जीएसटीचा सगळा हिशेब त्या डब्यात होता. शेठ शर्ट इस्त्रीला टाकत होते.

"बाबा, एक विचारू? ड्रॉइंगवर टॉलरन्स दिलेला नसेल तर तुम्ही जॉब घेता का?"

"कसा घेणार? उद्या पार्टी म्हणेल हे चालत नाही, ते चालत नाही."

"मग एसएमपीएसचा टॉलरन्स किती असतो?"

शेठ थांबले. तीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. १२ व्होल्टला पाच टक्के, सूनबाईंनी सांगितलं, ११.४ च्या खाली नाही, १२.६ च्या वर नाही, आणि तेही पूर्ण ओझं असताना. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं जे माप ठरवून दिलं, त्याच्यातला हा नियम. "आणि बाबा, बिल का नाही घेतलं?"

"अठरा टक्के वाचवले."

"ते अठरा टक्के आपल्याला परत मिळतात. आपण जीएसटीवाले आहोत."

व्हीएमसीवर पहिला जॉब रिजेक्ट झाला होता तेव्हा शेठचा चेहरा असा झाला होता म्हणतात.

पण या प्रकारच्या माणसाला शहाणपण एकदम मिळालं की ते पचत नाही. पुढचा आठवडाभर शेठ एसएमपीएस या विषयाचे आचार्य झाले. टपरीवर कूलंटचा विषय बंद पडून '८० प्लस' या मानांकनाचा सुरू झाला. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम: धातूंची नावं ऐकून लोहारकामातल्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. "गोल्डच घ्यायचा," त्यांनी जाहीर केलं. "८५० वॅट." का? "मार्जिन ठेवलं पाहिजे." शंभर वॅटच्या कॉम्प्युटरला साडेआठशे वॅट म्हणजे मार्जिन नव्हे, वतन. शिवाय ही पदकं मिळतात ती विजेची बचत केल्याबद्दल. सप्लाय किती वर्षं टिकेल याची ती हमी नसते, हे सांगायला गेलेल्या शेजारच्या गाळेवाल्याला त्यांनी चहा पाजला आणि ऐकलं नाही.

शेवटी त्यांना त्यांच्याच भाषेत हिशेब मांडून दाखवावा लागला. शंभर वॅट कॉम्प्युटरला द्यायचे, तर ८० टक्केवाला मीटरमधून १२५ वॅट ओढतो, ९० टक्केवाला १११. फरक १४ वॅटचा. दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी ४२ युनिट. युनिटला दहा रुपये धरा, वर्षाचे चारशे वीस. गोल्डसाठी मोजायचे जादा पैसे निघेपर्यंत कॉम्प्युटर म्हातारा होईल. शेठनी कागदावर दोनदा गुणाकार करून पाहिला आणि गोल्ड सोडलं. मग ॲक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शन हे शब्द कानावर पडले, आणि पॉवर फॅक्टर हा तर शेठच्या काळजाचा विषय, त्याच्यासाठी शेडमध्ये कपॅसिटरचं अख्खं पॅनेल बसवलेलं. एका कॉम्प्युटरने वीजबिलात काही दिसणार नाही हे त्यांना पटवावं लागलं. मात्र असा सप्लाय १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही आपलं आपण जुळवून घेतो, आणि मागे तो लाल खटका नसतो, हा फायदा त्यांनी लगेच मान्य केला. त्या लाल खटक्याची एक आठवण शॉपमध्ये अजून ताजी आहे. सफाई करताना एका पोराने तो २३० वरून ११५ वर सरकवला होता, लाल आहे म्हणजे दाबायचाच असणार या समजुतीने. आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू गेला.

इतकं सगळं झाल्यावर तरी माणसाने नवा सप्लाय आणावा. पण मध्ये रविवार आला आणि रविवारी जुना बाजार असतो. मंगळवार पेठेतल्या त्या बाजारात शेठना कुठल्याशा ऑफिसातून भंगारात आलेल्या नामांकित कंपनीच्या कॉम्प्युटरचा सप्लाय दिसला. तीनशे रुपये. हाताला जड, स्टिकर खरं, कपॅसिटर जपानी. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरमधले सप्लाय खरोखर दणकट असतात. फक्त त्यांची मापं बऱ्याचदा ज्याची त्याची असतात. सप्लाय कॅबिनेटमध्ये बसेना. हरतील ते शेठ कसले? त्यांनी माप घेतलं, ड्रॉइंग काढलं, तीन मिलिमीटरच्या पत्र्याची ॲडॉप्टर प्लेट व्हीएमसीवर लावली, भोकांना चॅम्फर मारला, कडा डिबर केल्या. प्लेट अशी झाली, की एखाद्या पार्टीला दिली असती तर पुढची ऑर्डर मिळाली असती. दीड तास मशीन त्यात गेलं. तासाचे चारशे धरले तर सहाशे रुपये, म्हणजे तपकीर गल्लीचाच भाव. सप्लाय चपखल बसला. मग प्लग लावायला घेतला तेव्हा कळलं, की बदलून घेतलेल्या मदरबोर्डाला चोवीस पिना लागतात आणि याच्या प्लगला आहेत सहा.

ती प्लेट अजून केबिनीत आहे. तिच्यावर चहाचे कप ठेवतात.

अखेर ज्या सप्लायने हा प्रश्न मिटला, त्याच्यात सांगण्यासारखं नाट्य काही नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ४५० वॅटचा, ब्रॉन्झ, १२ व्होल्टसमोर छत्तीसच्या घरात अँपिअर, तीन वर्षांची वॉरंटी, तीन हजारांच्या आसपास, पक्क्या बिलासकट. सूनबाईंनी जीएसटी नंबर दुकानदाराला स्वतः सांगितला. शेठ सोबत होते. त्यांनी तो हातात घेऊन वजन केलंच, पण मान हलवून परत ठेवला, काही बोलले नाहीत. आता कॉम्प्रेसर सुरू झाला की ट्यूब मिचकावते आणि कॉम्प्युटर चालू राहतो. आपल्या विजेचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं; तेवढ्या झटक्यापुरती पुंजी चांगला सप्लाय कपॅसिटरमध्ये धरून असतो. शेठ पाहुण्यांना ट्यूब मिचकावताना दाखवतात. नवी ट्यूब बसवत नाहीत.

एवढ्यावर सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. नवं पोरगं घाबरून मागे सरकलं, तर शेठ म्हणाले, "नवा आहे ना, करंट स्ट्राँग आहे!" खरी गोष्ट वेगळी आहे. टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाला तिसऱ्या पिनचं भोक नव्हतं, म्हणून शेठनी प्लगची अर्थिंगची जाड पिन करवतीने कापली. इतकी सफाईदार, की कापल्याची खूण दिसत नाही. गोंगाट गाळणारे कपॅसिटर आपली उरलीसुरली वीज त्या पिनेवाटे जमिनीत सोडतात. पिनच नाही तर ती पत्र्यावर चढून बसते आणि तिथे जवळपास निम्मं व्होल्टेज दिसू लागतं. चांगल्यातला चांगला सप्लाय आणला तरी हे होणारच, कारण त्यात त्याचा काही दोष नाही. शेडचा न्यूट्रल सैल असेल तर त्याहून वाईट: एका फेजवरचं व्होल्टेज २३० चं वाढत वाढत ४१५ कडे निघतं, आणि तिथे ब्रॉन्झ-गोल्ड सगळे एकाच भावात जळतात.

तेव्हा तुमच्या गाळ्यात, दुकानात, शाळेच्या प्रयोगशाळेत असा एखादा शेठ असेल, तर त्याच्याशी वजनावरून वाद घालू नका. त्याला पिवळ्या वायरीसमोरचे अँपिअर मोठ्याने वाचायला लावा, बिल त्याच्याकडूनच मागवा, पंख्याची जाळी साफ करताना कॉम्प्रेसरची ओली, तेलकट हवा मारू देऊ नका. आणि सगळ्यात आधी वायरमनला बोलावून अर्थिंग आणि न्यूट्रल तपासून घ्या. एसएमपीएस त्याच्यानंतर घेतलात तरी चालेल.